कॉलेज संघाच्या निष्ठावंत चाहत्याला निरोप देताना : अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील विद्यापीठाच्या गावात राहणाऱ्या मराठी माणसावर कधी ना कधी हा प्रसंग येतो. शेजारचे आजोबा, घरमालकीणबाई, कार्यालयातील ज्येष्ठ सहकारी किंवा मुलीचे अमेरिकन सासरे निवर्ततात, आणि आलेल्या निरोपात लिहिलेले असते की अंत्यविधीला काळे कपडे नकोत, संघाच्या रंगाचे कपडे घालून यावे. शोकाच्या प्रसंगी पांढऱ्या साध्या कपड्यांची सवय असलेल्या आपल्याला हे वाचून अवघडल्यासारखे होते, आणि कुटुंबाला वाईट वाटू नये म्हणून नक्की काय करावे हे कोणाला विचारायचे तेही कळत नाही. हे मार्गदर्शन अशा निमंत्रितांसाठी आहे. त्याचबरोबर ज्यांच्यावर सोयरिकीमुळे किंवा घरोब्यामुळे तयारीचा काही भार येतो त्यांच्यासाठीही आहे. येथील माहिती मुख्यतः कॉलेज फुटबॉलच्या (म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या अमेरिकन फुटबॉलच्या) चाहत्यांना धरून दिली आहे, कारण हा प्रसंग त्यांच्याच बाबतीत सर्वाधिक येतो; बास्केटबॉलच्या चाहत्यांनाही ती बहुतांशी लागू पडते.

आधी संघाचे स्थान समजून घ्यावे

'त्यांना फुटबॉलचा छंद होता' एवढ्यावर थांबल्यास पुढचे सगळे निर्णय चुकतात. ॲन आर्बर येथील मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. नेब्रास्कातील लिंकन येथे १९६२ च्या नोव्हेंबरपासून घरच्या मैदानावरील प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली आहेत. हंगामात घरच्या मैदानावर सहा ते आठ सामने होतात, त्यांतील बहुतेक शनिवारी, आणि सीझन तिकीट, म्हणजे पूर्ण हंगामाचे तिकीट, असणारा चाहता वर्षानुवर्षे त्याच रांगेत, त्याच खुर्चीवर, त्याच शेजाऱ्यांच्या मध्ये बसतो. सामन्याआधी वाहनतळावर ठरलेल्या जागी गाडीचा मागचा दरवाजा उघडून, चूल पेटवून जे एकत्र जेवण होते, त्या टेलगेटमधली माणसेही तीच असतात. वारीत एकाच दिंडीतून दरवर्षी चालणाऱ्यांचे जसे नाते जुळते, तसे हे नाते असते, आणि ते पुष्कळदा आजोबांकडून नातवंडांकडे जाते. त्या विद्यापीठात स्वतः कधीही न शिकलेले, पण आयुष्यभर त्याच संघाचे राहिलेले लोक अलाबामा, ओहायो, नेब्रास्का या राज्यांत घरोघरी आढळतात. त्यांची निष्ठा पदवीधरांपेक्षा कमी मानू नये.

याचा व्यावहारिक अर्थ असा की मृत व्यक्तीच्या पश्चात दोन परिवार असतात. एक घरातला, आणि दुसरा स्टेडियममधला, ज्याचे नाव-पत्ते घरच्यांनाही बहुधा पूर्ण ठाऊक नसतात. या दुसऱ्या परिवाराला बातमी पोहोचवणे हे मदतनीसाने सर्वांत आधी हाती घेण्याचे काम आहे, असे मला ठामपणे वाटते. फोनमधील टेलगेटचा गट, खुर्चीच्या आजूबाजूचे लोक, गावातील चाहत्यांचे किंवा माजी विद्यार्थ्यांचे मंडळ आणि ज्या हॉटेलात ते बाहेरगावचे सामने पाहायला बसत असत तेथील नेहमीची मंडळी, या सगळ्यांना कळवण्याची जबाबदारी कोणीतरी एकाने नावानिशी घ्यावी, म्हणजे हंगामाच्या पहिल्या सामन्याला कोणी 'यंदा ते दिसले नाहीत' असे अजाणता विचारणार नाही.

निधनवार्ता नीट वाचावी

येथे निधनवार्ता, म्हणजे ओबिच्युअरी, फ्युनरल होमच्या (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते. तिच्यात निरनिराळे कार्यक्रम निरनिराळ्या नावांनी दिलेले असतात. व्हिजिटेशन म्हणजे ठरलेल्या दोन-तीन तासांत केव्हाही जाऊन कुटुंबाला भेटणे. तेथे पाच-दहा मिनिटे थांबले तरी पुरते. फ्युनरल हा वेळेवर सुरू होणारा धार्मिक विधी असतो, आणि दहा मिनिटे आधी जाऊन बसणे अपेक्षित असते. सेलिब्रेशन ऑफ लाइफ ही आठवणींची सभा असते. ती कधी कधी मृत्यूनंतर महिना-दोन महिन्यांनीही ठेवतात. चाहत्यांच्या बाबतीत संघाचे रंग, गाणी आणि हसणे-खिदळणे मुख्यतः या तिसऱ्या कार्यक्रमात असते, त्यामुळे आपण नेमके कशाला जात आहोत हे आधी पाहावे.

कपड्यांविषयी सूचना असेल तर ती अवश्य पाळावी. तेथे आपण एकटेच गडद कपड्यांत उभे राहिलो तर तो आदर ठरत नाही. कुटुंबाने विचारपूर्वक मागितलेली एक गोष्ट आपण दिली नाही, एवढेच त्यातून दिसते. जर्सी विकत घेण्याची गरज नाही, त्या रंगाचा सदरा, ओढणी किंवा साडी चालते, आणि किरमिजी काठाची साडी नेसून आलेल्या मराठी बाईंकडे अलाबामाचे कुटुंब कौतुकानेच पाहील. सूचना नसेल तर मात्र गडद, साधे कपडे घालावेत आणि संघाचा रंग टाय किंवा रुमालापुरता ठेवावा.

प्रतिस्पर्धी संघाचा रंग टाळणे ही बाब नवख्याच्या लक्षात हमखास येत नाही. अलाबामाचा रंग किरमिजी आणि पांढरा, तर त्याच राज्यातील ऑबर्नचा नारिंगी आणि गडद निळा. मिशिगनचा पिवळा-निळा, तर ओहायो स्टेटचा लाल-राखाडी. मिशिगनविरुद्धच्या सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील पाट्यांवरचे इंग्रजी 'एम' अक्षर लाल फुलीने झाकतात, इतकी ही चुरस अंगात भिनलेली असते. कपाटातला नारिंगी कुर्ता आपल्यासाठी निव्वळ नारिंगी असला तरी त्या सभागृहात त्याचा अर्थ वेगळा होतो.

निधनवार्तेत प्रतिस्पर्धी संघाविषयी एखादी कोपरखळी असली तर दचकू नये. ती बहुधा मृत व्यक्तीनेच लिहून ठेवलेली असते, आणि सभेत ती वाचली जाईल तेव्हा मोकळेपणाने हसणे यालाच तेथे आदर म्हणतात. आपण स्वतः मात्र तशी कोपरखळी मारू नये. तो हक्क वर्षानुवर्षे एकत्र सामने पाहिलेल्यांचा असतो.

भेटीत काय बोलावे, काय न्यावे

खेळाचे नियम ठाऊक नसले तरी चालतात. 'तुमचे वडील मला प्रत्येक शनिवारी अंगणात झेंडा लावताना दिसत' हे एक वाक्य, ते खरे असेल तर, दहा औपचारिक वाक्यांपेक्षा कुटुंबाला अधिक मोलाचे वाटते. सांत्वनाचे कार्ड हाताने लिहावे आणि त्यात अशीच एखादी पाहिलेली गोष्ट नोंदवावी, कारण ही कार्डे जपून ठेवली जातात व पुढे पुन्हा वाचली जातात. जेवण न्यायचे असेल तर परत न मागायच्या भांड्यात, त्यात काय आहे याची चिठ्ठी लावून, कमी तिखट असे काही न्यावे. फुलांऐवजी देणगी द्यावी असे लिहिले असेल तर फुले नेऊ नयेत. नमूद केलेल्या निधीला यथाशक्ती रक्कम पाठवावी आणि 'यांच्या स्मरणार्थ' असे स्पष्ट लिहावे, म्हणजे ती संस्था कुटुंबाला देणगीदाराचे नाव कळवते. रक्कम सहसा कळवली जात नाही, तेव्हा पंचवीस डॉलर पाठवतानाही संकोच बाळगण्याचे कारण नाही.

तारीख ठरवताना सामन्यांचे वेळापत्रक समोर ठेवावे

आता तयारीत सहभागी असणाऱ्यांविषयी. आपल्याकडे अंत्यसंस्कार काही तासांत उरकतात. येथे चार दिवस ते दोन आठवडे हा सामान्य अवधी आहे, आणि दहन झाले असेल तर स्मृतिसभा त्याहूनही पुढे नेता येते. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात घरच्या मैदानावर सामना असलेला शनिवार अर्थातच टाळावा. त्या दिवशी गावातील हॉटेले भरलेली असतात, खोल्यांचे दर कित्येक पटींनी वाढतात, स्टेडियमच्या आसपासचे रस्ते बंद असतात, आणि ज्यांना यायचे असते तेच लोक अडकलेले असतात. बऱ्याच सामन्यांची नेमकी वेळ दूरचित्रवाणी वाहिन्या सामन्याच्या बारा दिवस आधी, काही वेळा सहाच दिवस आधी जाहीर करतात; म्हणून 'सकाळी सभा आणि दुपारी सामना' असा बेत आधीपासून आखता येत नाही. संघ ज्या आठवड्यात खेळत नाही तो आठवडा, अथवा सामन्याच्या आदल्या दिवशीची शुक्रवारची संध्याकाळ हे दोन पर्याय उत्तम. त्यांतही दूरवरून सामन्यासाठी येणारे चाहते शुक्रवारी गावात असतातच, त्यामुळे स्टेडियममधल्या परिवारासाठी शुक्रवारच अधिक सोयीचा ठरतो.

फ्युनरल होम, खर्च आणि संघाची चिन्हे

अमेरिकेत १९८४ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार प्रत्येक फ्युनरल होमला सेवांचे बाबवार छापील दरपत्रक प्रत्यक्ष चौकशी करणाऱ्याच्या हाती द्यावे लागते आणि विचारल्यास दूरध्वनीवरही दर सांगावे लागतात. शवपेटी किंवा अस्थिकलश बाहेरून विकत आणला तर तो नाकारण्याचा किंवा त्याबद्दल जादा आकार लावण्याचा अधिकार त्यांना नाही. ही माहिती येथे मुद्दाम देत आहे, कारण संघाच्या रंगातील आणि अधिकृत चिन्हाच्या शवपेट्या व कलश बाजारात मिळतात, आणि दुःखाच्या भरात त्यांची किंमत न विचारता होकार दिला जातो. माझ्या मते चिन्ह छापलेल्या महागड्या पेटीपेक्षा त्या व्यक्तीने वीस थंड्या-पावसांत पांघरलेले स्टेडियममधले स्वतःचे जुने घोंगडे पेटीवर ठेवणे कितीतरी अधिक अर्थपूर्ण असते, आणि त्याला काही खर्चही नाही.

विद्यापीठाचे चिन्ह, शुभंकर आणि नाव हे नोंदणीकृत बोधचिन्ह असते. थडग्याच्या दगडावर ते कोरायचे असेल तर कोरीवकाम करणारा पुष्कळदा विद्यापीठाची लेखी परवानगी मागतो. त्यासाठी विद्यापीठाच्या बोधचिन्ह-परवाना विभागाला पत्र लिहावे. ही परवानगी मिळायला वेळ लागू शकतो, शिवाय दफनभूमीचे स्वतःचे नियम असतात ते निराळेच. म्हणून दगडाची मागणी नोंदवण्याआधीच दोन्हीकडे विचारावे.

मृत व्यक्ती माजी सैनिक असेल आणि शवपेटीवर राष्ट्रध्वज घातलेला असेल, तर त्या ध्वजावर दुसरी कोणतीही वस्तू ठेवायची नसते. घोंगडे, टोपी, जर्सी या वस्तू अशा वेळी शेजारच्या मेजावर मांडाव्यात. कॅथलिक चर्चमधील अंत्यविधीत पेटीवर पांढरे वस्त्र घालतात आणि तिच्यावर केवळ ख्रिस्ती चिन्हेच ठेवता येतात. संघाचे गीतही मुख्य प्रार्थनाविधीत वाजवता येत नाही. त्यासाठी आदल्या दिवशीची भेटीची वेळ किंवा विधीनंतरचे भोजन मोकळे ठेवावे. धर्मगुरूंशी याबाबत आधीच बोलून घेतल्यास, ऐन वेळी दाराशी टोपी काढून घेण्याचा आणि मुलांना रडू कोसळण्याचा प्रसंग टळतो.

आठवणी गोळा करणे

हे काम वेळखाऊ आहे आणि बाहेरच्या माणसाने हाती घेतल्यास कुटुंबाला सर्वाधिक उपयोगी पडते. घरात तिकिटांचे अर्धुके, सामन्यांच्या पुस्तिका, टोप्या, वाहनतळाचे परवाने खोक्यांत भरून ठेवलेले असतात. ते वर्षानुसार लावावेत, पण घरच्यांच्या परवानगीशिवाय काहीही टाकू नये. चुरगळलेल्या तिकिटामागे लिहिलेला गुणफलक ही कोणाच्या तरी पहिल्या सामन्याची नोंद असू शकते. मग स्टेडियममधल्या शेजाऱ्यांना बोलते करावे. 'ते कसे होते' हा प्रश्न फार मोठा असल्याने त्याचे उत्तर गुळमुळीत येते. त्याऐवजी एखाद्या ठरावीक दिवसाविषयी विचारावे. अलाबामात असाल तर ३० नोव्हेंबर २०१३ च्या संध्याकाळी ते कोठे होते, असे विचारून पाहावे. त्या दिवशी अलाबामाची शेवटच्या सेकंदाची किक अपुरी पडली, ऑबर्नच्या खेळाडूने तो चेंडू आपल्या गोल-टोकापाशी झेलून मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेला आणि ऑबर्नने सामना ३४–२८ असा जिंकला. दोन्ही बाजूंच्या माणसांना ती संध्याकाळ अजून आठवते, आणि त्या उत्तरातून माणूस जिवंत उभा राहतो : कोणी दूरचित्रवाणी बंद करून कुत्र्याला फिरायला घेऊन गेलेले असते, कोणी हरल्यावरही विरुद्ध बाजूच्या शेजाऱ्याला फोन करून अभिनंदन केलेले असते.

श्रद्धांजलीपर भाषणात सामन्याचे वर्ष, गुण आणि खेळाडूंची नावे दोनदा तपासावीत. सभागृहातील निम्म्या लोकांना ती तोंडपाठ असतात, आणि एक चुकीचा आकडा ऐकला की त्यांचे लक्ष पुढच्या वाक्यांवरून उडते. भाषण पाच-सात मिनिटांचे असावे. त्यात संघाच्या विजयांची जंत्री देऊ नये. हरलेल्या हंगामांत त्या व्यक्तीने काय केले हे सांगावे, कारण निष्ठा तेथेच दिसलेली असते.

विद्यापीठाची स्वतःची प्रथा आहे का, हे शोधावे

काही विद्यापीठांत स्मरणाची परंपरा इतकी पक्की आहे की कुटुंबाला नवे काही रचावे लागत नाही. टेक्सस ए अँड एमचे उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे, शिवाय तेथे मराठी विद्यार्थीही पुष्कळ असतात. दरवर्षी २१ एप्रिलला तेथील आजी-माजी विद्यार्थी विद्यापीठाच्या कॉलेज स्टेशन या गावी आणि जगभर शेकडो ठिकाणी एकत्र जमतात. या मेळाव्याला मस्टर म्हणतात. वर्षभरात दिवंगत झालेल्यांची नावे एकेक करून पुकारली जातात, आणि प्रत्येक नावाला त्याचे आप्त किंवा मित्र 'हिअर', म्हणजे 'हजर', असे उत्तर देऊन मेणबत्ती लावतात. १९४२ मध्ये फिलिपाइन्समधील कोरेगिडोर बेटावर जपानी तोफांच्या माऱ्याखाली असलेल्या माजी विद्यार्थ्यांनीही आपला मस्टर नोंदवला होता, आणि त्या बातमीने ही प्रथा देशभर माहीत झाली. शिकत असतानाच निधन पावलेल्या विद्यार्थ्यांसाठी सिल्व्हर टॅप्स हा वेगळा विधी असतो : महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रात्री दिवे मालवून, बंदुकांची सलामी देऊन बिगूल वाजवले जाते.

मस्टरमध्ये नाव पुकारले जावे यासाठी ते कुटुंबाने माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेकडे वेळेत कळवावे लागते. ही परंपरा मूलतः तेथे शिकलेल्यांची आहे. मृत व्यक्ती तेथे शिकलेली नसेल तर स्थानिक मस्टरच्या आयोजकांना विनंतीच्या सुरात विचारावे, हक्काने मागू नये. आपल्याला 'हजर' म्हणण्यासाठी बोलावले गेले तर तो मोठा मान समजावा आणि शक्य ते सारे बाजूला ठेवून जावे.

चाहत्यांनी निरोप कसा द्यावा याचा एक सार्वजनिक वस्तुपाठ अलाबामात आहे. अलाबामाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट यांचे २६ जानेवारी १९८३ रोजी, त्यांच्या शेवटच्या सामन्यानंतर महिन्याभरातच निधन झाले. टस्कलूसा या विद्यापीठाच्या गावाहून बर्मिंगहॅमच्या एल्मवुड दफनभूमीकडे निघालेल्या अंत्ययात्रेच्या सुमारे ९० किलोमीटरच्या वाटेवर लोक रस्त्याच्या कडेला आणि पुलांवर उभे होते. एखाद्या साध्या चाहत्याच्या अंत्ययात्रेचा मार्ग स्टेडियमवरून नेण्याची इच्छा कुटुंबे व्यक्त करतात. सामना नसलेल्या दिवशी ते बहुधा सहज जमते, त्यासाठी फ्युनरल होमला आधी सांगितले की झाले.

रक्षा, तिकिटे आणि देणगी

'माझी रक्षा मैदानावर टाका' असे अनेक चाहते सांगून ठेवतात. ही इच्छा गुपचूप पुरी करण्याचा मोह टाळावा. मैदान विद्यापीठाच्या मालकीचे असते, परवानगीशिवाय तसे करणे अतिक्रमण ठरते, आणि पुष्कळ ठिकाणी आता कृत्रिम हिरवळ असल्याने रक्षा मातीत मिसळतच नाही; ती झाडून काढली जाते, हे कुटुंबाला नंतर कळले तर फार लागते. क्रीडा विभागाला लेखी विचारावे, आणि नकार आला तर स्टेडियमच्या परिसरातील नाव कोरलेली वीट, बाक किंवा झाड यांची चौकशी करावी. रक्षा विमानातून न्यायची असेल तर कलश लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्यावा. धातूच्या कलशातून क्ष-किरण बहुधा आरपार जात नाहीत आणि सुरक्षा तपासणीत तो अडवला जाऊ शकतो. टपालाने पाठवायची झाल्यास अमेरिकन टपाल खात्याची केवळ प्रायॉरिटी मेल एक्स्प्रेस ही सेवा आणि त्यासाठीचे ठरलेले खोके वापरावे लागते.

सीझन तिकिटांबाबत तिकीट कार्यालयाला लवकर कळवावे. पती किंवा पत्नीच्या नावे ती बहुधा होतात. मुला-नातवंडांच्या नावे होतील की नाही, हे त्या त्या विद्यापीठाच्या धोरणावर आणि जोडलेल्या देणगीच्या नोंदींवर अवलंबून असते. नूतनीकरणाची मुदत चुकली तर चाळीस वर्षांची जागा दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि शोकाच्या महिन्यांत ती चुकणे अगदी सोपे असते. घराच्या कागदपत्रांइतकीच ही तारीखही कुटुंबाच्या कानावर घालावी.

स्मरणार्थ कायमस्वरूपी शिष्यवृत्ती ठेवायला अनेक विद्यापीठांत किमान पंचवीस हजार डॉलर किंवा त्याहून अधिक निधी लागतो. एवढे जमत नसेल तर बँड पथक, गरजू विद्यार्थ्यांचा आपत्कालीन निधी किंवा त्या व्यक्तीला प्रिय असलेल्या एखाद्या कमी गाजणाऱ्या खेळाचा संघ यांना दिलेली लहान देणगीही तितक्याच योग्य ठिकाणी पडते. नोकरी देणाऱ्या अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीत तेवढीच भर घालतात, तेव्हा आपल्या मनुष्यबळ विभागात अवश्य चौकशी करावी.

त्यानंतरचा पहिला हंगाम

सभा संपली, पाहुणे गेले, की कुटुंबाला खरा एकटेपणा ऑगस्टच्या अखेरीस जाणवतो, जेव्हा गावात झेंडे लागू लागतात. पहिल्या घरच्या सामन्याची तारीख आपल्या दिनदर्शिकेत आजच लिहून ठेवावी आणि त्या आठवड्यात फोन करावा किंवा घरी जाऊन यावे. रिकाम्या खुर्चीवर बसायला बोलावले तर 'ती जागा त्यांची आहे' असे म्हणून मागे सरू नये. ज्याला ती जागा द्यावीशी वाटली त्याला कुटुंबाने निवडलेले असते. टेलगेटला जाताना एक पदार्थ न्यावा, संघाचा रंग घालावा, आणि खेळ कळत नसेल तर शेजारी बसलेल्या नातवाला विचारावे, म्हणजे आजोबांनी त्याला जे शिकवले ते त्याला कोणाला तरी सांगता येईल.